मुलामागे ऐंशी घनफूट

इंग्लंडच्या खेड्यांतून हिंडताना घरांच्या फाटकांवर एक पाटी वारंवार दिसते : 'द ओल्ड स्कूल'. कुठे 'ओल्ड स्कूल हाऊस', कुठे 'स्कूल कॉटेजेस'. दगडी भिंती, खूप उताराचे छप्पर, टोकदार कमानीच्या उंच खिडक्या आणि छपराच्या एका टोकाला घंटा टांगण्यासाठी केलेली लहानशी कमान. घंटा बहुधा नसलेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या या ग्रामशाळा विसाव्या शतकात एकेक करून बंद पडल्या आणि त्यांची घरे झाली. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गॉथिक शैली ओळखीची वाटेल. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबईसाठी कागदावर जे भव्य प्रमाणात रेखाटले, त्याचीच ही गावठाणातली धाकटी भावंडे.

या रूपांतरांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक बाहेरून काढलेल्या छायाचित्रांवर उभे असते. दर्शनी बाजू जपली, दगड धुऊन घेतला, खिडक्यांच्या चौकटी जुन्या वळणाच्या ठेवल्या, की रूपांतर 'संवेदनशील' ठरते. मी वास्तुविशारद नाही. तीस वर्षे आरेखक म्हणून दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले आणि उरलेल्या वेळात शाळांच्या इमारतींचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. आरेखकाला एक सवय जडते. दर्शनी बाजूवर तो विश्वास ठेवत नाही. इमारत उभी कापून आत काय आहे ते पाहतो. उभा छेद काढला की या शाळा-घरांबद्दलचे माझे मत बदलते, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे, तेही आधी मद्रासला, जावे लागेल.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. शिक्षक पुरेसे नव्हते, असलेले ऐकत नव्हते. एकदा घोड्यावरून जाताना त्याने एका देशी शाळेतील मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या धूळपाटीचाच तो प्रकार. बेलने तीच रीत आश्रमात आणली आणि एका आठ वर्षांच्या मुलाला लहानांच्या वर्गावर नेमले. मुलांनी मुलांना शिकवायचे, मास्तराने सगळ्यांवर नजर ठेवायची. १७९७ साली लंडनला या प्रयोगाचे पुस्तक निघाले आणि 'मद्रास पद्धत' हे नाव इंग्लंडभर झाले. जोसेफ लँकेस्टर नावाच्या क्वेकर तरुणाने लंडनच्या बरो रोडवर जवळपास तीच युक्ती स्वतंत्रपणे चालवली. मग दोन संस्था उभ्या राहिल्या : १८११ची, बेलच्या पद्धतीची व चर्च ऑफ इंग्लंडशी बांधलेली नॅशनल सोसायटी, आणि लँकेस्टरच्या परंपरेतली, १८१४ पासून ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी या नावाने ओळखली जाणारी. खेड्यातल्या शाळा मुख्यतः पहिलीच्या.

शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगतात. वास्तूच्या इतिहासात तिचा परिणाम मात्र नीट मांडलेला मला क्वचितच आढळला. दक्षिणेतली ती देशी शाळा बहुधा ओसरीवर किंवा पडवीत भरे. आपल्या पंतोजींची शाळाही देवळाच्या ओवरीत नाही तर कुणाच्या ओसरीत भरे. तिला खोली लागतच नव्हती. इंग्लंडच्या हवेत ओसरी चालत नाही. तेव्हा ओसरीचा मोकळेपणा आणि एका माणसाची सर्वांवर नजर, या दोन्ही गोष्टी चार भिंतींत कोंडण्यासाठी एक मोठी, अखंड, मधे खांब नसलेली खोली बांधावी लागली. वर्गखोल्या नाहीत, एकच दालन. इंग्लंडच्या ग्रामशाळेचे पोट असे तयार झाले, असे माझे मत आहे.

त्या दालनाच्या खिडक्यांकडे पाहा. मूल बाकावर बसले की खिडकीची खालची कड त्याच्या डोक्याच्या वर राहते. मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून असे केले, हे नेहमीचे स्पष्टीकरण, आणि ते खोटे नाही. पण बेलच्या आराखड्यात लिहिण्याची मेजे भिंतीला लागून असत आणि मुले भिंतीकडे तोंड करून बसत. मधली जमीन उभ्याने धडा म्हणणाऱ्या गटांसाठी मोकळी. लँकेस्टरच्या शाळेत उलट, बाक मध्यभागी आणि भिंतींवर मोठ्या अक्षरांचे छापील तक्ते, त्यांच्यापुढे अर्धवर्तुळात उभी मुले. दोन्हींत भिंतीचा खालचा पट्टा शिकवण्याच्या कामाला लागलेला. उजेड वरूनच येऊ शकत होता. हर्टफर्डशरमधल्या हिचिन येथे लँकेस्टर पद्धतीचे १८३७ सालचे दालन संग्रहालय म्हणून जपलेले आहे. त्यात उभे राहिले की भिंत ही फळा होती, आणि उजेड ही छताकडून उतरणारी वस्तू होती, हे शब्दांशिवाय कळते.

१८३३ साली पार्लमेंटने शाळागृहांसाठी २०,००० पौंडांचे पहिले अनुदान मंजूर केले. १८३९ला प्रिव्ही कौन्सिलची शिक्षण समिती नेमली गेली आणि जेम्स के (पुढे के-शटलवर्थ) तिचा सचिव झाला. सरकारचा पैसा आला की नकाशेही आले. समितीने १८४० साली नमुना आराखडे छापले. त्यांत शाळेला जोडून मास्तरांचे घरही होते. हे महत्त्वाचे आहे, कारण 'शाळेचे घर करणे' हा उद्योग आपण आज नवा समजतो. प्रत्यक्षात या इमारतींत एक घर पहिल्या दिवसापासून होते. चूल, जिना, दोन-तीन निजायच्या खोल्या, हे सगळे त्या जोडघरात. छेद काढला तर शेजारी शेजारी दोन वेगळ्या जाती दिसतात : मास्तरांच्या घराचे दोन बुटके मजले आणि शाळेचे एकच उंच पोट. बाहेरून छपरांची सलगता ती भिन्नता झाकते.

१८७०च्या फॉर्स्टरच्या कायद्याने शाळा नसलेल्या भागांत लोकनियुक्त स्कूल बोर्डे आली, आणि त्यानंतरच्या नियमावल्यांमध्ये अनुदानाची एक अट पक्की झाली : प्रत्येक मुलामागे किमान ८ चौरस फूट जमीन आणि ८० घनफूट जागा. म्हणजे हवा. शाळा तपासनीस केवळ वाचन-लेखन तपासत नसे, खोलीतली हवा मुलांच्या सरासरी हजेरीने भागत असे. नव्वद मुलांची शाळा असेल तर ७२० चौरस फूट जमीन हवी. ४० फूट लांब, १८ फूट रुंद. नियमाने त्यांना ७,२०० घनफूट हवा पुरे. पण भिंती १२ फुटांच्या आणि आढे जमिनीपासून २४ फुटांवर धरले, मधे छत नाही, तर त्या दालनात १२,९६० घनफूट हवा मावते. ही माझी कागदावरची खोली आहे, कुठल्या एका गावातली नव्हे. पण अशा प्रमाणाची खोली त्या काळात अपवाद नव्हती. नियमाच्या जवळजवळ दुप्पट हवा शेतमजुरांच्या पोरांना मिळत होती. ज्या झोपड्यांतून ती येत, त्यांत एवढी हवा आख्ख्या कुटुंबाला नसे.

ही उदारता होती की गॉथिक शैलीची हौस, यावर वाद घालता येईल. दोन्ही असावे. चार्ल्स बटरफिल्डने, क्षमा करा, नावाची गल्लत नेहमी होते ती टाळतो : विल्यम बटरफिल्डने यॉर्कशरच्या बाल्डर्सबी सेंट जेम्स या खेड्यात १८५०च्या दशकात चर्च, पाद्रीचे घर, शाळा आणि मजुरांची घरे अशी सगळी एकाच जमीनदारासाठी रचली. तिथे शाळा चर्चची नक्कल करत नाही आणि घराची तर नाहीच. दोहोंच्या मधे कुठेतरी उभी राहते. लंडन स्कूल बोर्डाचा वास्तुविशारद ई. आर. रॉब्सन याने १८७४च्या आपल्या 'स्कूल आर्किटेक्चर' या ग्रंथात गॉथिकला विरोध केला; ती शैली देवळाची, लोकशाळेला तिचे काय काम, असा त्याचा रोख. शहरांत त्याचे म्हणणे चालले. खेड्यांत टोकदार कमान पुष्कळ दिवस टिकली, कारण तिथे शाळेची जमीन, पैसा आणि देखरेख बहुधा चर्चचीच होती.

आता घरांकडे. विसाव्या शतकात, विशेषतः १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर, मोठी मुले वेगळ्या माध्यमिक शाळांत गेली, खेड्यांतला पट घटला, लहान शाळा एकमेकींत मिसळल्या. इमारती रिकाम्या पडल्या. त्या विकत घेणाऱ्याला त्यांत तीन गोष्टी आयत्या मिळाल्या : रस्त्याला लागून जागा, पक्क्या भिंती, आणि मुलगे व मुली यांच्यासाठी वेगवेगळी दारे. दगडात कोरलेले 'बॉईज' आणि 'गर्ल्स' हे शब्द आज दोन बिऱ्हाडांच्या दारांवर दिसतात. एका इमारतीची दोन-तीन घरे करायची तर स्वतंत्र दार हीच मोठी अडचण असते; व्हिक्टोरियन नीतिमत्तेने ती आधीच सोडवून ठेवली होती.

पण खोलीचे काय? पौंडांचा हिशेब जमिनीच्या चौरस फुटांवर होतो, हवेच्या घनफुटांवर नाही. म्हणून दालनात मधेच एक मजला घालतात. वरच्या कागदावरच्या खोलीत तो घालून पाहा. खालच्या खोलीला आठ फूट उंची दिली आणि मजल्याची जाडी एक फूट धरली, तर नवी जमीन नऊ फुटांवर आली. खिडकी पाच फुटांवर सुरू होऊन बारा फुटांवर संपते. म्हणजे मजला तिला मधोमध कापतो. खालच्या बैठकीच्या खोलीला मिळते छताला चिकटलेली तीन फुटांची पट्टी. बसलेल्या माणसाला तिच्यातून फक्त आभाळ दिसते. वरच्या निजायच्या खोलीत तीच कमान गुडघ्यांशी उगवून कमरेशी मिटते. शिवाय छपराच्या कैचीची खालची तुळई भिंतींच्या माथ्यावर, बारा फुटांवर. नव्या जमिनीपासून ती तीन फुटांवर आडवी येते. खोलीतून चालणाऱ्याच्या मांडीला ती लागते. ती कापावी तर छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. मग लोखंड घालून तो रेटा दुसरीकडे वळवावा लागतो.

यॉर्कशरमध्ये भाच्याकडे काही आठवडे राहिलो तेव्हा त्याच्या ओळखीने असे एक घर आतून पाहता आले. गावाचे नाव देत नाही, तिथे लोक राहतात. एका शाळेची तीन घरे केलेली. मधल्या घराच्या बाईंनी जिन्यावर चढण्याआधी "डोके सांभाळा" आणि चढल्यावर "आता पाय सांभाळा" असे बजावले. तुळई राखली होती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन पायऱ्यांची लाकडी चढण केली होती. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याने ती ओलांडून जायचे. बाई हसून सांगत होत्या, पाहुण्यांना हे फार आवडते. मागच्या अंगणात शौचकूपांची जुनी ओळ होती. शाळांच्या त्या काळच्या आराखड्यांत शौचकूपांवर 'ऑफिसेस' असे लिहिलेले असते. बाईंनी ती ओळ दुरुस्त करून तिथे आपले कामाचे टेबल मांडले होते. मी शब्दाचा इतिहास सांगितला तेव्हा त्यांना खरेच आनंद झाला.

ते घर वाईट नव्हते. उबदार होते, कोरडे होते, आणि इमारत पडण्यापासून वाचली होती. दालन अखंड ठेवा म्हणणाऱ्याने ते थंडीत तापवून दाखवावे, हेही मला मान्य आहे. तेरा हजार घनफूट हवा तापवण्याचे बिल दुसऱ्याने भरायचे असते तेव्हा वारसा जपणे सोपे जाते. माझी तक्रार वेगळी आहे. अशा इमारतीला 'जपली' असे म्हणतात तेव्हा काय जपले ते सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये वारसा-यादीत नोंदलेल्या इमारतीच्या अंतर्भागालाही संरक्षण असते. पण पुष्कळ ग्रामशाळा यादीत नाहीत. त्या फक्त संरक्षित वसाहतीच्या हद्दीत येतात, आणि ते संरक्षण बाहेरच्या रूपापुरते. त्यामुळे घंटेची रिकामी कमान काढायला परवानगी लागते, नव्वद मुलांची हवा दोन मजल्यांत चिरायला ती लागेलच असे नाही. ज्या गोष्टीसाठी तपासनीस भागाकार करत बसे, तीच गोष्ट कायद्याच्या नजरेत नाही.

एलेन हारवुड यांच्या इंग्लंडच्या शाळांवरील २०१०च्या पुस्तकात शाळांच्या इतिहासाबरोबर त्यांच्या नव्या वापराचाही विचार आहे. या विषयाकडे वळणाऱ्याने ते पाहावेच. माझा स्वतःचा निकष मात्र साधा आहे. मजले मास्तरांच्या घराकडच्या टोकाला आणि ओसरीच्या, कोटांच्या खोलीच्या बाजूला जितके सारता येतील तितके सारावेत, आणि दालनाचा निदान एक भाग जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा ठेवावा. दोन कैच्यांमधले एक खण पुरे. तेवढ्यात खिडकी पुरी दिसते, उजेड वरून उतरतो, आणि इमारत कशासाठी बांधली होती हे तिथे राहणाऱ्याच्या पोराला कळते. एकाच इमारतीची तीनऐवजी दोन घरे झाली तर हे जमते. तिसऱ्या घराची किंमत म्हणजेच त्या हवेची किंमत. ती एवढी उघड मांडली तरी पुरे.

घराऐवजी दुसरे काही झाले तर काय होते, याचे सुंदर उदाहरण नॉर्थंबरलंडच्या फोर्ड गावात आहे. १८६० साली बांधलेल्या तिथल्या शाळेच्या भिंतींवर लेडी लुईझा वॉटरफर्डने दोन दशके बायबलमधले प्रसंग रंगवले, आणि पात्रांसाठी गावातल्याच माणसांना व मुलांना समोर बसवले. १९५७ पर्यंत शाळा तिथे भरली. आता ते गावाचे सभागृह आणि चित्रदालन आहे. चित्रे खिडक्यांच्या रांगेत, उंचावर आहेत. मजला घातला असता तर कायीन खाली आणि हाबेल वर अशी वाटणी झाली असती. चित्रांनी हवा वाचवली. प्रत्येक गावाला लेडी वॉटरफर्ड मिळत नाही.

विक्रीचा पैसा कोणाचा, हा प्रश्नही वास्तूपासून वेगळा नाही. १८४१च्या स्कूल साइट्स कायद्याने जमीनदाराला गरिबांच्या शाळेसाठी एक एकरपर्यंत जागा देणे सोपे केले, पण एक मेख ठेवली : जागेचा शाळेसाठी वापर थांबला की ती मूळ मालमत्तेकडे परत. शंभर-दीडशे वर्षांनी वारस कुठे शोधायचे? १९८७च्या कायद्याने जमिनीऐवजी तिच्या पैशावर वारसांचा हक्क ठेवला. ऑक्सफर्डशरच्या नेटलबेड गावात हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बँकर रॉबर्ट फ्लेमिंग (जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याचे आजोबा) यांनी १९१४ आणि १९२८ साली शाळेला जागा दिली होती. २००६ला शाळा शेजारच्या नव्या इमारतीत गेली, जुनी जागा विकली गेली. वारसांनी पैसे मागितले. खालच्या न्यायालयाने काउंटी कौन्सिलच्या बाजूने, अपील न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विक्रीचा पैसा नव्या शाळेसाठीच वापरायचा होता, म्हणून देणगीचा हेतू संपलेला नाही. मला हा निकाल वास्तुसमीक्षेसारखा वाटतो. न्यायालयाने विचारले की दिले ते काय होते, विटा की शिक्षण? आणि उत्तर दिले. दालनाच्या बाबतीत तो प्रश्न विचारायला कोणी न्यायाधीश नसतो.

हे सगळे मराठी वाचकाला कशासाठी? मद्रासची ओसरी हे एक कारण झाले. दुसरे अधिक जवळचे. २०१७ साली आपल्या राज्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि पुढे कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढे आला. पटावरची मुले कुठे जाणार यावर भांडणे झाली. ती व्हायलाच हवी होती. इमारतींबद्दल कोणी काही विचारले नाही. आपल्या शाळांना कोणी पौंड देऊन माळा घालायला येणार नाही. वाड्या-वस्त्यांवर त्यांना गिऱ्हाईक नाही. पण पुष्कळ ठिकाणी जागा गावातल्याच कोणा शेतकऱ्याने दिलेली आहे, भिंती लोकांनी अंगमेहनतीने चढवल्या आहेत, आणि पुढची पडवी, जिथे अजून मुले बसतात, ती त्या जुन्या ओसरीचीच वंशज आहे. त्यांचे छेद कोणी काढून ठेवलेले नाहीत.

माझ्या तालुक्यात मी हे काम सुरू केले आहे. साधने म्हणजे फीत, ओळंबा आणि आलेख कागद. आतापर्यंत सात बंद शाळांचे छेद झाले. त्यांतल्या पाचांची मापे बाहेरून आणि खिडकीच्या गजांतून हात घालून घेतली, कारण कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे गावात कोणालाच सांगता आले नाही. उरलेल्या दोन उघड्या होत्या. एकीत कडबा भरलेला होता आणि दुसरीत फळ्यावर तारीख तशीच होती.